जुलाबाच्या जंतूंसाठी राहूपर्यंत

पुणं सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पेटी होती. जुलाबाच्या काही जंतूंच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांच्या जोरावर ते आतड्याला चिकटतात, नाहीतर वाहून जातात, असा शोध नुकताच परदेशात लागला होता. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना ते तंतू आपल्या जिल्ह्यातही हवे होते. म्हणून त्यांनी मला धाडलं. स्वतः ते घरून उकळलेलं पाणी आणून पीत.

शिरूरच्या दवाखान्यात नमुने सहज मिळाले. हॉटेलात भजी खाताना कुणीतरी पेटीत काय आहे विचारलं. मी खरं सांगितलं आणि अख्खं बाकडं मला एकट्याला मिळालं.

तिथून एसटीनं राहू गावाला गेलो. सरपंचांना सगळे आबा म्हणत. मी पेटी टेकवायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, की गावात जुलाब कुणालाच नाहीत. आडाला (अरुंद विहिरीला) त्यांनी नवा कठडा बांधला होता आणि निवडणूक तोंडावर होती. त्यामुळे बाकीचेही गप्प राहिले.

बौद्धवस्तीतल्या शांताबाई मात्र पुढं आल्या. त्यांचं धाकटं लेकरू जुलाबातून कसंबसं वाचलं होतं. आता थोरल्याची धास्ती होती, म्हणून आडात औषध टाका असं त्या कधीपासून सांगत होत्या. औषध टाकलं म्हणजे आड नासल्याचं कबूल केल्यासारखं, असं आबांचं म्हणणं. आधी पुरावा आणा, म्हणाले.

"लेकरू गेल्यावर पुरावा घिऊन काय करू, आबा?" शांताबाई म्हणाल्या.

आबांनी उत्तरादाखल आडाचं पाणी काढून तांब्या माझ्यापुढं धरला. दारातलं पाणी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. मी सगळा तांब्या संपवला. आबांनी चहा घेतला.

दोन दिवस पाहुणचार झोडून निघालो, तो यवतच्या ढाब्यावर पोटात मुरडा सुरू झाला. मालकानं माझं तोंड बघून न विचारता टमरेल दिलं. तशा अवस्थेतही मी शेवटची बाटली भरली, याचा मला आजही अभिमान आहे.

पुण्यात साहेब हरखले. इतके दाट तंतू एकाही नमुन्यात नव्हते. रोगी कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी खुर्ची थोडी मागं घेतली.

जंतू आडाच्याच पाण्यातून आले, असा अहवाल घेऊन पुन्हा राहू गाठलं. आबांनी तो शांतपणे ऐकला आणि लगेच गावात दवंडी पिटवली, की पुण्याहून आलेल्या ह्या सायबानं आडाला जुलाबाची लागण केली हाय, सबब आबा आडात औषध टाकणार हायती. मला संताप आला. तोंड उघडणार, तेवढ्यात आडात पडणारी पावडर पाहत उभ्या असलेल्या शांताबाईंनी मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. त्येंचं नाव झालं, तुमचं गेलं. आमची लेकरं तर वाचली."

मी गुमान एसटीत बसलो. पुढं आबा बिनविरोध निवडून आले. चिकटून बसायला अंगावर तंतूच लागतात असं नाही, हे साहेबांना सांगायचं तेवढं राहून गेलं.