सातपूरच्या ऑफिसातलं दीपगृह

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माणसं अस्वस्थ असली की ती खुर्चीवरून उठतात, परत बसतात, दुसऱ्याच्या टेबलाशी जातात, काहीतरी बोलून मोकळी होतात आणि त्याचे किस्से होतात. आमच्या ऑफिसात एक अख्खं वर्ष असं गेलं. आजही आम्ही जुने लोक कुठल्या लग्नात भेटलो, की जेवणाची पंगत बसायच्या आत त्या वर्षावर येतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला होते. खात्यात नवा कॉम्प्युटर आला होता. त्याला एसीची वेगळी खोली आणि आत जाताना चपला बाहेर. त्याच सुमारास कंपनीने नागपूरकडे नवा कारखाना काढला आणि आमच्या खात्यातला एक माणूस तिकडे कायमचा जाणार असं कळलं. कोण, ते ठरलेलं नव्हतं. जायचं मात्र कोणालाच नव्हतं. माझे मिस्टर पेठ तालुक्यात शिक्षक, शनिवारचे घरी यायचे, आणि मुलगी नुकती बालवाडीत जाऊ लागलेली. फोन वाजला की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या.

अशात सोनवणेने मुंबईच्या मित्राकडून एक फ्लॉपी आणली. सोनवणे म्हणजे आमचा कॉम्प्युटर चालवणारा, नाशिकरोडचा मुलगा. फ्लॉपीत गेम होता. चित्रं नाहीत, नुसती हिरवी अक्षरं. तुम्ही एका बेटावरच्या दीपगृहाचे रखवालदार. वादळ सुटलंय आणि एक जखमी खलाशी दाराशी येतो. पुढे प्रत्येक पानावर थोडी गोष्ट आणि खाली एक, दोन, तीन असे पर्याय. तुम्ही जो आकडा दाबाल तशी गोष्ट वळणार. इंग्रजी जरा जड होतं आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. नवीन कोणी खेळायला बसलं की आम्ही सगळे सल्ले द्यायचो. प्रत्येक सल्ल्यामागे कोणीतरी बुडालेलं असायचं.

* * *

पहिले बुडाले ते बोरसे. सटाण्याकडचे, पगारपत्रकं बघायचे. हा माणूस चहासुद्धा उभ्याने प्यायचा. बदलीची बातमी आल्यापासून तर ते दर अर्ध्या तासाने गेटपर्यंत जाऊन यायचे.

मी वाचत होते, "बाहेर कोणीतरी हाक मारतंय. तुम्ही दार..." एवढ्यात बोरसेंनी एक दाबला. दार उघडलं, लाट आत आली, बोरसे समुद्रात. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बोरसेभाऊ, वाक्य तरी पुरं होऊ द्या. दाराला साखळी आहे, आधी फटीतून बघा असं पुढे लिहिलंय."

"काय करू ताई," बोरसे म्हणाले, "हात थांबतच नही मन्हा."

त्यावर सोनवणेने उपाय काढला. मी वाचत असेपर्यंत खेळणाऱ्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. आमचा पहिला नियम तो. एकदा कामगार अधिकारी खोलीत डोकावले, तेव्हा बोरसे आपल्याच हातांवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. अधिकारी दार लावून निघून गेले.

* * *

टिळेकरसाहेब आमचे अकाउंट्स ऑफिसर. रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलेली, गंगापूर रोडला घराचं बांधकाम चाललेलं. ते खेळायला बसले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याचं बरोबर उत्तर कुठे दिलंय?"

सोनवणेने सांगितलं की तसं बरोबर उत्तर नसतं, जे कराल त्याप्रमाणे पुढे घडत जातं. साहेबांना ते पटलं नाही. ते प्रत्येक पानावर सगळ्यांचं मत घ्यायचे, मान डोलवायचे आणि तीन दाबायचे. तिसरा पर्याय बहुतेक वेळा 'थांबा आणि बघा' असा असायचा. खलाशी पाणी मागतो, साहेब थांबले. खलाशाला ताप चढतो, साहेब थांबले. औषधाची पेटी वरच्या मजल्यावर आहे असं कळलं, त्यावर साहेबांनी चर्चा ठेवली.

शेवटी मला वाचावं लागलं, की खलाशी गेला.

साहेब चष्मा काढून म्हणाले, "पण मी तर काहीच केलं नाही."

"म्हणूनच साहेब," सोनवणे म्हणाला.

* * *

रफीकभाई स्टोअर्सचा हिशेब ठेवायचे. मालेगावचे. आई तिकडे एकटी, हे इथे वडाळा नाक्याजवळ खोली घेऊन राहायचे. त्यांचा खलाशी चांगला बरा झाला, कारण त्यांनी त्याला पाणी दिलं, घोंगडी दिली, त्याच्याशी गप्पा मारल्या. मग त्या खलाशाने विचारलं, माझा भाऊ जहाजावर होता, तो वाचला का?

भावाचं प्रेत खडकावर आपण आधीच पाहिलेलं असतं. एक, खरं सांगा. दोन, वाचला म्हणा. तीन, विषय बदला.

रफीकभाई उठले. बसले. बाहेर जाऊन बिडी ओढून आले. सुट्टी संपली तरी आकडा दाबेनात. सोनवणेला पगाराचं काम करायचं होतं, म्हणून त्याने तो गेम तिथेच फ्लॉपीवर साठवून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी म्हटलं, "रफीकभाई, गेम आहे हो." ते म्हणाले की बदलीचं त्यांनी अजून आईला सांगितलेलं नाही. दर रविवारी जातात आणि न सांगताच परत येतात.

मग त्यांनी एक दाबला. खलाशाने त्यांना लपवलेल्या होडीची जागा सांगितली. ती होडी आमच्यापैकी कोणालाच तोवर सापडली नव्हती.

त्या रविवारी रफीकभाईंनी आईला सांगून टाकलं. सोमवारी ते हसतच आले. आई म्हणाली होती, "मेरे को मालूम था कुछ है. तू खाना कम खा रहा है और पानी ज्यादा पी रहा है."

* * *

सोनवणे स्वतः खेळायचा तेव्हा काहीही वाईट होऊ द्यायचा नाही. प्रत्येक पानाआधी गेम साठवायचा. जरा बिनसलं की मागे जायचा आणि दुसरा आकडा दाबायचा. त्याच्या दीपगृहातला दिवा कधी विझला नाही, पण त्याची सकाळही कधी झाली नाही. महिनोन् महिने तो त्याच रात्रीत होता.

त्याचं लग्न ठरत होतं तेही असंच. मुलगी नांदगावला शाळेत शिक्षिका. हा होकार देऊन आला, मग विचार करतो म्हणून निरोप पाठवला, मग पुन्हा होकार. त्याचं म्हणणं, उद्या नागपूरला जावं लागलं तर तिच्या नोकरीचं काय? बरोबरच होतं ते. पण त्याने ते तिला विचारलंच नव्हतं, आम्हालाच विचारत होता.

एका शनिवारी ती मुलगी भावाला घेऊन सरळ कारखान्याच्या गेटवर आली. सोनवणे गेटवर गेला आणि परत आला तो घामाघूम. आम्ही विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, मी परत परत येणार नाही. आणि तुम्हीही परत परत विचार करायचा नाही."

पुढच्या महिन्यात विहारात लग्न झालं. वंदना नाव तिचं. आम्ही सगळे गेलो होतो. फुलांच्या माळा घालून झाल्यावर रफीकभाई सोनवणेच्या कानात म्हणाले, "आता साठवून ठेव."

* * *

मध्येच मुंबईच्या हेड ऑफिसचे एक साहेब येणार असं कळलं. कोण जाणार ते यांच्याकडूनच कळेल, असं ठरवून आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. ते नेमके जेवणाच्या सुट्टीत, न सांगता कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले. पडद्यावर गेम तसाच. त्यांनी वाकून वाचलं, 'खलाशी मेला आहे. त्याला पुरायचं का?'

टिळेकरसाहेब म्हणाले, "ते जरा... ट्रेनिंग चाललंय."

हेड ऑफिसच्या साहेबांनी पुन्हा वाचलं, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "पुरू नका. भरती येतेय, वाहून जाईल. वर न्या त्याला." आणि बसले. बोरसेंनी त्यांना हात मांडीखाली घ्यायला सांगितलं, त्यांनी घेतले. संध्याकाळपर्यंत ते दोनदा बुडाले आणि खूश होते. आम्ही त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो, हात हलवले.

गाडी गेल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. बदलीचं कोणीच विचारलं नव्हतं.

* * *

मे महिन्यात मुंबईहून कळवलं, की नाव टिळेकरसाहेबांनीच द्यायचं आणि त्याच दिवशी फोनवर द्यायचं. साहेबांनी ट्रंक कॉल बुक केला आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन बसले. दार उघडंच होतं. बोरसे गेटपर्यंत दोनदा जाऊन आले. सोनवणे नवं लग्न झालेला, वंदनाची शाळा नांदगावला. रफीकभाई खिडकीशी उभे. मी मुलीचं स्वेटर विणायला घेतलं होतं, ते तसंच मांडीवर.

कॉल लागला, पण लाइन खराब होती. साहेबांना ओरडून बोलावं लागत होतं.

"हो, एकच नाव. टिळेकर. टि-ळे-कर. टमाट्यातला ट."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही हो, बोलणाराही टिळेकर आणि जाणाराही टिळेकर. लिहून घ्या."

त्यांनी फोन ठेवला. बाहेर आले. बाहेर ऊन असं, की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. साहेब माझ्या टेबलाशी थांबले आणि मांडीवरच्या लोकरीकडे बघत म्हणाले,

"नागपूरला थंडी असते का हो? एक माझ्याही मापाचं करा."