तिरक्या खोलीतला पलंग

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आता तुम्ही म्हणाल, इथे असले अनुभव लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीला हेच म्हणतो. म्हणू दे. मी भुतांची तक्रार घेऊन आलेलोच नाही. माझी तक्रार एका पलंगाबद्दल आहे, आणि वर्ष उलटून गेलं तरी माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. कारखान्यांचे लेआउट काढायचे – मशीन कुठे, माणूस कुठे, ट्रॉली कुठून वळणार. रिटायर झाल्यावर ओळखीतल्या लोकांच्या घरातल्या अडनिड्या खोल्या लावून द्यायचो. जिन्याखालची, मधेच खांब आलेली, बोळासारखी लांबलचक... एकही खोली मला हरवू शकली नव्हती. हे सांगतोय कारण पुढचं वाचून कोणी मला ‘काका, माप चुकलं असेल’ असं शिकवायला येऊ नये.

आम्ही राहतो खारघरला, सातव्या मजल्यावर. गेल्या वर्षी माझी बायको मंदा बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू असते तेव्हा बातमी होते, म्हणून काही महिन्यांसाठी हॉस्पिटलजवळ, पनवेलच्या जुन्या गावठाणात तळमजल्यावर भाड्याने जागा घेतली. बेडरूम पाहिली आणि माझी सटकली. भावाभावांत वाटणी झालेली जमीन, तिचा बांध तिरका, म्हणून बिल्डरने भिंतही तिरकी नेलेली! दाराकडे रुंद, आत निमुळती. ताटात वड्या पाडताना कडेला जो वेडावाकडा तुकडा उरतो ना, तो आपण तोंडात टाकून मोकळे होतो. या माणसाने त्यात बेडरूम काढली होती.

तरी मी हरलो नाही. ग्राफ पेपरवर खोली काढली, पुठ्ठ्याचे पलंग, कपाट, औषधांचं टेबल कापून ते सरकवून पाहिले आणि एकच उत्तर निघालं. पलंग सरळ भिंतीला चिकटून, म्हणजे तिरक्या बाजूने वॉकरला बाथरूमपर्यंत पूर्ण वाट मिळते. फरशीवर खडूने चार पायांच्या खुणा केल्या आणि आमचा सागवानी पलंग हमालांकडून बरोबर त्या खुणांवर ठेवून घेतला. त्याला चाकं नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. चार माणसं लागली होती.

फिजिओथेरपिस्ट मुलीने लेआउटचं कौतुक केलं. मंदाने केलं नाही.

“इथून मला काय दिसतं, ठाऊक आहे?” ती म्हणाली. “भिंत.”

“कॅलेंडर लावतो.”

“लावा,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

खरी काळजी ही होती. मंदा उठायलाच तयार नव्हती. वॉकर समोर, वाट मोकळी, सगळं मापात, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. फिजिओथेरपिस्ट मुलगी मला बाहेर नेऊन म्हणाली, “काका, या दिवसांत चालल्या नाहीत, तर पुढे कायमच्या अंथरुणाला खिळतील.” मी घाबरलो. घाबरलो की मी ओरडतो. ओरडलो. मंदा आणखीच गप्प झाली.

मग मंदाचे टाके काढायला आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो. घराला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. दुपारी परत आलो तर पलंग फिरलेला! डोकं आत निमुळत्या कोपऱ्यात, पाय दाराकडे, खोलीच्या मधोमध तिरका. कपाटाचं दार अर्धं उघडत होतं आणि वॉकरची वाट जेमतेम दीड फूट उरली होती. आणि खडूच्या खुणा? जशाच्या तशा. एवढा जड पलंग ओढत नेला असता तर खडू पुसला गेला नसता का? पण त्या क्षणी असले प्रश्न सुचायला मी काही शांत बसलो नव्हतो.

तडक वर गेलो. घरमालकांची आई वरच्या मजल्यावर राहते. ऐंशीच्या पुढची, गळ्यात भरगच्च सोनं, सगळी गल्ली तिला ‘बय’ म्हणते. विचारलं, तुमच्याकडे तिसरी किल्ली आहे का?

“नाय,” बय म्हणाली. “आनी आमी कशाला तुमचा पलंग हलवू? माझं गुडघं बगा आदी.”

“मग कोणी हलवला?”

“मना काय ठाव? पलंग तुमचा हाय.”

हे उत्तर झालं? गल्लीतल्या दुकानातली माणसं बोलावून पलंग पुन्हा खुणांवर आणला. बाहेरच्या जाळीच्या दाराला नवं कुलूप लावलं आणि पलंग सरकू नये म्हणून त्याच्या पायांना लाकडी खुट्ट्या ठोकल्या. पुढच्या वेळी एक्स-रे काढून आलो. कुलूप शाबूत. पलंग पुन्हा तिरका! खुट्ट्या खिडकीखाली एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. हे काम माझं नाही हे मंदालाही कळलं, कारण मी आयुष्यात कुठलीही वस्तू इतकी नीट रचून ठेवलेली नाही.

तुम्हाला भीती वाटली असती. मला अपमान वाटला. माझी चूक काढायची तर समोर या, चर्चा करा! माझ्या मागे माझा नकाशा बदलायचा म्हणजे काय? मी त्या खोलीत उभा राहून भिंतींना हे सगळं मोठ्याने सुनावलं. मंदा म्हणाली, “अहो, आजच्या दिवस राहू दे. मला आडवं व्हायचंय.” दुकानातली माणसंही उद्यावर टाळत होती. म्हणून राहू दिला. एका दिवसापुरता, असं मी बजावूनही सांगितलं.

संध्याकाळी मी चहा टाकत होतो. बाहेरचं दार उघडं, जाळीचं लावलेलं. बेडरूमचं दार त्याच्या अगदी समोर, त्यामुळे गल्लीतून पलंगावरचं माणूस आता थेट दिसत होतं. गल्लीतून पाटी घेऊन जाणारी मासेवाली थांबली.

“काय गो ताय, बरा हाय का?”

“बरं आहे हो,” मंदा म्हणाली. “बोंबील आहेत का?”

“आज सरलं. उद्या आनते, ताजं. उठून बगशील ना?”

मी गाळणी हातात धरून तसाच उभा राहिलो. किती दिवसांनी तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला होता. त्यानंतर तर रांगच लागली. दुधवाला, समोरची सून, क्लासला जाणाऱ्या मुली, जो जाईल तो आत बघून काहीतरी विचारून जात होता. मला तर तो आगाऊपणाच वाटला. हे लोक आधीही रोज याच दारावरून जात होते, पण तेव्हा त्यांना आत कोणी आहे हेच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दाढी करत असताना वॉकरचा आवाज आला. मंदा स्वतः उठून, त्या दीड फुटातून, वॉकर आडवा करून दाराशी गेली होती आणि जाळीतून बोंबील निवडत होती. दीड फुटातून तो वॉकर जात नाही. मी मोजलं होतं. पण गेला. मला रडू आलं. साबण डोळ्यात गेला, असं मी सांगितलं.

त्याच आठवड्यात बय मंदाला बघायला खाली आली आणि बेडरूमच्या दारातच थबकली.

“असा ठेवायला कोनी सांगितला तुमाला?”

“कोणी नाही! हेच तर मी विचारतोय!”

ती पलंगाच्या कडेला टेकली. “हितंच आमचा जुना घर व्हता. माझी सासू खाटंवर पडून. तिची खाट अशीच, तिरकी. आमच्यात आजारी मानसाला भिंतीकडं तोंड करून ठेवत नाय. दारातून दिसला पायजे. येनाऱ्या-जानाऱ्यानं हाक मारायची, काय, बरा हाय का? हाक नाय मारली तर सासू शिव्या घालायची, पार येशीपर्यंत आयकू जायच्या.”

“मग तिला सांगा, माझ्या पलंगाला हात लावू नको म्हणावं.”

“मी सांगू? सासू माझा कवा आयकली नाय, ती तुमचा आयकल?” असं म्हणून बय इतकी हसली की मंदाही हसायला लागली. मी हसलो नाही. पण पलंग परत हलवलाही नाही.

मंदा सुधारली. वॉकर सुटला, काठी आली. एक दिवस म्हणाली, आज मी बाजारापर्यंत चालणार. गेलो. जाऊन-येऊन, मधे एकदाही न बसता. परत येऊन कुलूप उघडलं... आणि पलंग सरळ भिंतीला!

खडूच्या खुणा रोज फरशी पुसून केव्हाच गेल्या होत्या. मी टेप काढला, कपाटातून ग्राफ पेपर काढला, चारही पाय मोजले. माझ्या नकाशाप्रमाणे तंतोतंत. म्हणजे माझा नकाशा बरोबर होता, हे कोणालातरी आधीपासून कळत होतं! तरी मला एवढे दिवस मूर्खात काढलं! मी तणतणत होतो. मंदा काठी टेकून पलंगावर बसली आणि समोरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाली, “आता भिंत चालेल मला. दार बघायचं असलं तर मी जाईन ना उठून.”

किल्ली, हमाल, बय, भूकंप... मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. एकही टिकत नाही. इथे इंजिनियर असतील तर त्यांनी जरूर सांगावं, मी नकाशा पाठवतो.

खारघरला परत निघालो त्या दिवशी सामान टेम्पोत गेलं, मंदा पुढे जाऊन बसली. मी शेवटचं कुलूप लावायला मागे राहिलो. रिकामी, तिरकी खोली. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली, दारात उभा राहिलो आणि आत हाक मारली, “काय सासूबय, बरं आहे ना?”

उत्तर आलं नाही. माझा लेआउट दोनदा उधळला, माझी बायको मला चालती करून दिली... आणि मी स्वतःहून हाक मारली तर साधा हुंकार नाही. याचा राग मला अजून आहे.