धरणाच्या पोटातली वाट

माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये आमच्या भागाचा नकाशा आहे. सकाळी ती जिथून पळते तिथं त्याच्यावर नारंगी रेघ उमटते. पहिल्यांदा तिनं तो माझ्यापुढं धरला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी लोकरीचा गुंडा सुटून जुन्नरपर्यंत घरंगळत गेलाय.

"आजी, ही कालव्याची वाट. ही द्राक्षाच्या बागांमधली. आणि ही लांबची, शिवनेरीच्या पायथ्याची."

मला कशाला सांगतेस, म्हटलं. या सगळ्या वाटांवर माझ्या टाचा झिजल्यात.

नात पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे ती पळायची आणि मी सोबतीला जायची. सोबत म्हणजे काय, तर कालव्याच्या पुलावर तिचा स्वेटर मांडीवर घेऊन बसायचं. धुकं इतकं खाली उतरलेलं असायचं की कालवा दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मग हळूहळू एकेक गोष्ट वर यायची. आधी विजेचे खांब, मग टोमॅटोच्या बांबूंच्या रांगा, मग पार मागं निवांत बसलेल्या बैलासारखा शिवनेरी. लेण्याद्रीच्या डोंगरातली लेणी तर कबुतरांच्या खुराड्यासारखी दिसायची, आणि मला उगाच वाटायचं की आता त्यातून कुणीतरी वाकून विचारील, "काय गं, दूध आलं का?" या धुक्यातून घुंगरांचा आवाज लांब जायचा, पातळ व्हायचा आणि परत जाड होत यायचा. नातीच्या कमरेला मीच बैलाची जुनी घुंगुरमाळ बांधली होती. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. त्याला माणसाची चाहूल आधी लागलेली बरी.

"आजी, मी बैल हाय का?"

"बैलाला या घरात जास्त मान हाय. गप बांधून घे."

ते खोटं नव्हतं. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, बैलगाडा शर्यतीचा वेडा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढावर, बैल सुटले की त्याचे डोळे भरून येतात. चार पावलं पाहून तो सांगतो, हा खोंड पुढं नाव काढणार. पण पोटची पोर रोज पळते ती त्यानं एकदाही पाहिली नव्हती. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी भरून तो पहाटे झोपायचा.

आणि मग ऐन उन्हाळ्यात, भरती तोंडावर आलेली असताना, कालव्यालगतच्या उसात बिबट्याची मादी पिल्लांसकट दिसली. लेकानं जेवता जेवता सांगून टाकलं, "उद्यापासून पळायचं बंद."

"पप्पा, मैदानी चाचणी महिन्यावर आलीय!"

"मंग अंगणात पळ. कोण नको म्हणतंय?"

ती खरंच अंगणात पळाली. ट्रॅक्टरला वळसा, गोठ्याला वळसा, परत ट्रॅक्टर. कुत्रं तिच्यामागं फिरून फिरून शेवटी भोवळ आल्यासारखं भिंतीला टेकून बसलं. रात्री नात माझ्या अंथरुणाशी आली आणि म्हणाली, "आजी, असं एक महिना केलं तर माझा नंबर लागणार नाही. वर्ष वाया जाईल."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. त्यामुळंच मला जास्त लागलं.

आता माझी एक खोड आहे. गप्प बसवत नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हिला माझ्या माहेरी मढला नेते. तिकडं मी ज्या वाटेवर पळायचे ती दाखवते.

लेक हसला. "आये, ती वाट आता माशांची हाय."

खरंच आहे ते. माझं माहेरचं जुनं घर, आमची वाट, पलीकडचं देऊळ, सगळं धरणाच्या पाण्यात गेलं. पण मे महिन्यात पाणी उतरतं. आणि पाणी उतरलं की तिथं मैलभर उघडं रान. ना ऊस, ना झुडूप. बिबट्यानं लपायचं म्हटलं तरी कुठं?

लेकानं कान खाजवला. "आठवडा देतो. तू तिच्यासंगं ऱ्हायचं. रविवारी मी येऊन बघनार. काय येडंवाकडं दिसलं तर दोघींना गाडीत घालून आननार."

मढला माझा धाकटा भाऊ वरच्या अंगाला राहतो. त्याच्या ओट्यावरून आम्ही पहिल्या पहाटे खाली उतरलो, आणि मी थांबलेच. किती वर्षांनी बघत होते. पाणी लांब, ताटातल्या राहिलेल्या आमटीसारखं तळाशी गोळा झालेलं. त्याच्याकडं उतरत गेलेली भेगाळ जमीन. तिच्यावर आमच्या घराचं जोतं, चुलीची जागासुद्धा कळत होती. आणि तिथून निघालेली आमची वाट, मुरमाची, दोन्ही बाजूंना दगड लावलेली. इतकी वर्षं पाण्याखाली राहून ती जराही हलली नव्हती. हरिश्चंद्रगडाच्या अंगानं वारं येत होतं आणि बगळे आमच्या अंगणात उभे होते, पाहुणे येऊन ताटकळल्यासारखे.

"हीच ती," मी म्हटलं. "घरापासून देवळापर्यंत. बापाची भाकरी घेऊन निघायचे, ती गार व्हायच्या आत पोचायचे. लई लांब व्हतं बरं का! सगळं खोरं मला बघत राहायचं."

नात सुटली. मी चप्पल नीट घालून मान वर करते तोवर ती देवळाच्या चौथऱ्यावर उभी.

"आजी, एवढीच?"

मी त्या वाटेकडं बघतच राहिले. जन्मभर मी ही वाट लोकांना सांगत आले, आणि दर वेळी ती थोडी लांबवत आले असणार. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! वेणी पाठीवर आपटत, नाक वर करून अशी पळायची की जसं काही डोंगरसुद्धा हिच्यासाठी उभे आहेत. खोरं कसलं बघतंय? बघायची ती आमची म्हैस, आणि तीही रवंथ करता करता तोंड फिरवून घ्यायची. एकदा अशीच नाक वर करून पळताना मी शेणाच्या ढिगात गेले होते. ती गोष्ट मात्र मी कुणाला सांगत आले नाही.

वाट छोटी होती, पण पळायला गोड होती. नात तिच्यावर फेऱ्या मारू लागली. मी जोत्यावर, चुलीच्या जागेशी बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं घुंगुरमाळ काढून माझ्याजवळ ठेवली. मग नुसता तिच्या पायांचा आवाज यायचा. डोळे मिटले की मला कळायचं नाही, ही पळतेय का मी पळतेय. मग आठवायचं, मी पळताना धापांचा आवाज जास्त यायचा.

एकच गोष्ट मी तिला बजावली होती. वाट सोडायची नाही. जमीन वरून वाळलेली दिसते, आत गाळ असतो.

रविवारी सकाळी मीच वाट सोडली.

झालं असं की ती म्हणाली, "आजी, तू एवढी पळायचीस तर वळणावर कशी वळायचीस, दाखव की." आणि मला चेव आला. मी म्हटलं, वळायचं कशाला, मी तर ओहोळाकडनं आडवी जायची. आणि गेले. चार पावलांत उजवा पाय पोटरीपर्यंत आत! ओढला तर चप्पल आतच. डाव्या पायाला जोर दिला, तर तोही निघाला खाली.

नेमकी तेव्हाच वर गाडी थांबली. लेक धावत खाली आला. वाटेच्या कडेला पालथा पडून त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि तिथूनच सुरू झाला, "काय म्हणालो व्हतो मी? झालं बघून. चला घरी आजच्या आज!"

नातीचा चेहरा राखेसारखा झाला.

गुडघ्यांमुळं खाली न उतरणारा माझा भाऊ ओट्यावरून ओरडला, "ओढू नको तिला! गोठ्याजवळ फळी हाय, ती घाला आक्काच्या म्होरं!"

लेकाला माझे हात सोडवेनात. नात पळाली.

आजवर ती फेऱ्या मारायची ते जपून, श्वास मोजत. आता ती नुसती सुटली. आमच्या वाटेनं, जोत्याला वळसा घालून, वरच्या चढाला. मी लेकाच्या तोंडाकडं बघत होते. आधी ते रागानं लाल होतं. मग त्याची नजर तिच्या पायांवर गेली आणि तिथंच राहिली. घाटावर बैल सुटल्यावर होतं तसं त्याचं तोंड थोडं उघडं पडलं. चढावर तिचा वेग कमी होईल असं त्याला वाटलं असावं. तो झाला नाही.

"आये," तो हळूच म्हणाला, "ही चढाला ढिली पडत न्हाई गं."

"न्हाई पडत," मी म्हटलं, गाळात उभी राहून.

मग ती खांद्यावर फळी घेऊन उतरताना दिसली, आणि माझ्या लेकानं, माझे हात तसेच धरून, घाटातल्या पुकाऱ्यासारखी आरोळी ठोकली, "भिर्रर्र!" बगळे उडाले. भाऊ वर टाळ्या वाजवायला लागला. नात हसत हसत पुढं आली आणि बापाच्या पायाशी फळी टाकून वाकून धापा टाकू लागली.

मला काढल्यावर लेक बराच वेळ चिखल पुसत राहिला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "वळनावर लई बाहेरनं जातीस. आतनं घे." आणि थोड्या वेळानं, "भरती होईस्तवर हितंच ऱ्हा. मी येत जाईन दर रविवारी. पन म्हातारीला वाटेवरनं खाली उतरू देऊ नको."

जाताना त्यानं घुंगुरमाळ उचलून गाडीत ठेवली.

नात मैदानी चाचणीत पास झाली. लेखी बाकी आहे, म्हणून ती सध्या पुस्तकं घेऊन बसते आणि मी तिला त्रास देते. मढला पाणी पुन्हा भरलंय. वाट, जोतं, देऊळ, सगळं खाली गेलं. माझी एक चप्पलही तिथंच आहे. दुपारी डोळा लागता लागता मला ती दिसते, हिरव्या पाण्यात, नाक वर करून एकटीच देवळाकडं निघालेली.

आणि माझे पाय? ते फळी यायच्या बराच आधी निघत होते. पण मला कुणी विचारलं नाही, आणि लेकाची नजर तेव्हा पोरीवर होती. मी कशाला मधेच हलू?