आत्मारामकाकांचा झीरो

आमच्या हॉस्पिटलात गुडघ्याच्या ऑपरेशनला कॉम्प्युटर आला, तेव्हा मी, थिएटरची नर्स दीपा, नवी सायकल मिळालेल्या पोरीसारखी हरखले होते. पहिला पेशंट कोण, तर कुंभवलीचे आत्मारामकाका, तारापूरच्या कारखान्यातले फिटर. तीस वर्षं पंप आणि मोटर एका रेषेत बसवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पाय मात्र पार वाकडा.

"सरळ नाय झाला तर सायेब गेटवर बसवतील, नावं लिवायला," ते म्हणाले. "त्या खुर्चीत मी नाय बसायचो."

मी ऐटीत मशीन दाखवलं. हाडात पिना, पिनांवर चकचकीत गोळ्या. कॅमेरा त्या गोळ्या बघतो आणि हाड कसं कापायचं ते अंशांत सांगतो. काकांनी सगळं ऐकलं नि विचारलं, "झीरो कुठं घेता?"

मला हसू फुटलं. डॉक्टर ललित मात्र हसले नाहीत. आधी हाडावरच्या ठरावीक खुणांना सळई टेकवून कॉम्प्युटरला हाडाची ओळख करून देतो, तोच आमचा झीरो, असं त्यांनी समजावलं.

"मग एवढं ध्यानात ठेवा. धक्का लागला की झीरो गेला, परत घ्यायचा. आमच्याकडं एका फिटरचा मोटरला धक्का लागला, आनि तो गप बसला. मोटर जळली, आनि आळ आला दुसऱ्या फिटरवर, महादूवर. त्याला गेटवर बसवला."

ऑपरेशनच्या दिवशी काकांना भूल फक्त कमरेखाली, मधे हिरवा पडदा. खुणा घेतल्या आणि स्क्रीनवर पाय उभा राहिला, नऊ अंश वाकडा. बघून माझ्या अंगावर काटाच आला. त्या नादात वळताना माझं कोपर गोळ्यांना लागलं, अगदी हलकं. सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर, कोणी बघितलं नाही. डॉक्टरांनी करवत उचलली. पहिलीच केस, सगळा स्टाफ बघतोय, आणि धांदरट कोण, तर मी.

"सर, माझा धक्का लागला," शेवटी बोलून टाकलं.

पडद्यापलीकडून काकांचा आवाज आला, "झीरो परत घ्या."

डॉक्टरांनी सळई खुणेवर टेकवली. स्क्रीन म्हणे, सळई खुणेपासून चार मिलिमीटर लांब. पिना घट्ट केल्या, सगळ्या खुणा नव्याने घेतल्या, मगच करवत चालली. शेवटी वाकडेपणाच्या जागी शून्य उमटलं आणि मी मास्कच्या आत रडले, आनंदाने.

तीन महिन्यांनी काका काठीशिवाय आले, खिशात ओळंबा घेऊन. भिंतीला टेकून उभे राहिले, कमरेपाशी दोरी धरली आणि खाली सोडली. दोरी थेट गुडघ्याच्या मधोमध. सोमवारपासून परत कामावर, गेटवर नाही. मला तर नाचावंसं वाटलं.

काका दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "दीपा, तू लगेच बोललीस. मला तेवीस वर्सं नाय जमलं. तो फिटर मीच."



"महादू रिटायर होऊन मासवणला ऱ्हातो. आता पाय हाय," ते म्हणाले, आणि मासवणवरून मनोरकडे जाणारी एसटी कुठं थांबते ते विचारून निघाले.