सेकंड किती वेळा ठोकलास?

गिअरबॉक्सचं ऑईल काढलं की तळाच्या चुंबकी बोल्टला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला दिसतो. आमच्या गॅरेजमधले किस्से तसेच आहेत. मुद्दाम कोणी जमवत नाही, रोज थोडे थोडे साठतात. एक सांगायला घ्यावा तर मागून चार निघतात, आणि चहा गार होतो.

गॅरेज वारज्यात. हायवेच्या सर्व्हिस रोडवरून आत वळलं की स्पीडब्रेकरनंतर तिसरं शटर. काम एकच, गिअरबॉक्स आणि क्लच. पुण्यातल्या हौशी लोकांच्या स्पोर्ट्स कार आमच्याकडे येतात. म्हणजे हाताने गिअर टाकायच्या ज्या काही उरल्यात, त्या. मालक अण्णा. सत्तरी ओलांडलेले. दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर डोळे मिटून बसतात आणि येणारी गाडी नुसती ऐकतात. "सेकंड गिअर गेलाय," म्हणतात. उघडून बघावं तर सेकंडच गेलेला असतो!

आणि अण्णांचा एक नियम आहे. बॉक्स कोणीही भरो, म्हणजे दुरुस्त करून परत जोडो, ट्रायल कोण घेणार ते अण्णा ठरवणार. ज्याच्या हातावर ते चावी ठेवतील त्याने चांदणी चौकापर्यंत जाऊन यायचं. गेली सतरा वर्षं बॉक्स मी भरतोय आणि चावी मिळते मिलिंदला. मी इथे एकोणीस वर्षं, आणि हा माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला माणूस! मी जळतो त्याच्यावर. लपवायचं काय त्यात, अख्ख्या गॅरेजला माहीत आहे. मला एवढंच हवं होतं की एखादी झकास गाडी असावी, तिचा बॉक्स मी भरलेला असावा, आणि अण्णांनी चावी माझ्या हातावर ठेवावी. बास.

* * *

एका बिल्डरचा मुलगा पिवळीधमक गाडी घेऊन आला. सेकंड टाकला की करकर वाजायचा. म्हणाला, "अण्णा, मी रेसिंग स्टाइल शिफ्ट करतो. क्लच अर्धाच दाबायचा आणि गिअर खाडकन मारायचा. टाइम वाचतो."

"कुठे चालवता?"

"कर्वे रोडला."

अण्णांनी डोळे उघडले. "तिथे टाइम वाचवून पुढच्या सिग्नलला काय करता?"

मिलिंदने बॉक्स उघडला आणि पितळी रिंग त्याच्या हातात दिली. दोन फिरत्या चाकांचा वेग जुळवायचं काम त्या रिंगचं. तिचे दात सपाट झाले होते, पार गुळगुळीत. पोरगा बघतच राहिला. "दात गेले कुठे?"

"ऑईलमध्ये."

"मग काढून परत बसवता नाही येणार?"

"येतील की," अण्णा म्हणाले. "दिलीप, चहाची गाळणी आण रे."

दिलीप म्हणजे मी. गाळणी आणायला मी आणि चार दिवसांनी त्या पिवळ्या गाडीची ट्रायल घ्यायला मिलिंद!

* * *

एक दातांचे डॉक्टर आहेत, कोथरूडचे. गाडी चालवताना सगळा वेळ डावा हात गिअरच्या दांड्यावर. सवयच. दिसतं रुबाबदार, पण हाताचं वजन आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर येतं आणि तो बिचारा फिरत्या चाकाला घासत राहतो. त्यांचा फोर्क अर्धा झिजला होता.

डॉक्टर ऐकेनात. "नुसता हात ठेवल्याने लोखंड झिजतं? शक्य नाही."

अण्णा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पेशंटच्या दातावर दिवसभर नुसतं बोट ठेवून बसता का?"

"नाही."

"का?"

"चावेल ना तो!"

"गाडी चावत नाही, म्हणून तुमचं फावतंय."

डॉक्टर हसले, पैसे दिले, चावी घेतली आणि गाडीत बसले. गाडी चालू करायच्या आधी त्यांचा हात दांड्यावर गेला होता.

* * *

मिलिंदचा हात मात्र बघण्यासारखा आहे, हे मला कबूल करावं लागतं. कबूल करताना पोटात दुखतं, तरी करतो. किडकिडीत माणूस, आवाज चढवून कधी बोलणार नाही. दोन बोटांनी गिअर बदलतो. एकदा मी त्याला चिडून विचारलं, "असं काय वेगळं करतोस रे?"

तर म्हणे, "दिल्या, आपण गिअर टाकायचा नसतो. तो जातो. आपण फक्त थांबायचं."

घ्या! हात चांगला तो चांगला, वर असली वाक्यंही ह्यालाच सुचतात.

* * *

मला चावी मिळाली होती, एकदा. तीन वर्षांपूर्वी. मिलिंद मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी सुट्टीवर होता आणि एक निळी गाडी तयार होती. काय सांगू! पूल ओलांडला, चांदणी चौक गाठला, वळलो, आलो. जग जिंकल्यासारखा उतरलो.

अण्णा डोळे मिटूनच होते. "सेकंड किती वेळा ठोकलास?"

खोटं बोलायची सोय नाही. "एकदा, अण्णा. इथे स्पीडब्रेकरला."

"ते मी ऐकलं. चांदणी चौकातलं विचारतोय."

आता चांदणी चौक इथून किती लांब! तिथलं कसं काय ऐकू येणार? पण ठोकला होता.

अण्णा म्हणाले, "तुझा हात जड आहे, दिलीप. गंजलेले बोल्ट तुझ्यासारखे कोणाला सुटत नाहीत. प्रत्येकाला एक देणगी असते."

चावी त्यांनी खिशात टाकली. मी त्या दिवशी जेवलो नाही. मिलिंदने स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ पुढे केलं, तर त्याचाही राग आला.

* * *

बायकोला गाडी मीच शिकवली. आमची जुनी छोटी गाडी, बारा वर्षांची. वंदना घरगुती डबे करते, रविवारी पहाटे मंडईत जाऊन आठवड्याची भाजी आणते, म्हणून तिला गाडी यायला हवी होती. मैदानात नेलं. ती गिअर टाकायची हळूच. मला घाई.

"अगं, जोरात टाक! बसला पाहिजे तो!"

"खिळा आहे का तो ठोकायला?"

"मी मेकॅनिक आहे का तू?"

"तुम्हीच आहात. म्हणून तर तुमच्या हातात हा वाजतो."

एक खरं आहे. त्या गाडीचा थर्ड माझ्या हाताला कुरकुरतो आणि तिच्या हाताला गुपचूप जातो. मी म्हटलं, "गाडीलाही कळतं वाटतं, बाई माणूस आहे ते." ती म्हणाली, "गाडीला कोण चिडलंय ते कळतं." मी विषय बदलला.

* * *

आता ती लाल गाडी.

टू-सीटर. एका रिटायर्ड सरकारी इंजिनिअरची. साहेबांनी आयुष्यभर धरणांच्या साइटवर सरकारी जीप चालवलेली. तिचा गिअर खांद्याने रेटल्याशिवाय जायचा नाही. रिटायर झाल्यावर जन्माची हौस म्हणून ही गाडी घेतली आणि हिलाही तसंच रेटलं. आठ महिन्यांत तीन रिंगा खलास! वर आम्हालाच सांगत होते, "गिअर बसलेला खांद्याला कळला पाहिजे."

पाच दिवस मी त्या बॉक्सशी होतो. एकेक रिंग हाताने फिरवून बघितली, एकेक बेअरिंग दोनदा पुसलं. मुलाच्या बारशालासुद्धा मी एवढा गुंतलो नव्हतो. आणि सगळा वेळ डोक्यात एकच, की चालवणार मिलिंद.

ट्रायलच्या दिवशी मिलिंद आला तो डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन! स्वारगेटला स्कूटर घसरली होती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, मिनिटभर. मग मी आत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले आणि धुतलेला शर्ट घातला.

बाहेर आलो. साहेब उभे होते. मिलिंद बाकावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "आज तूच, दिल्या. थांबायचं फक्त." अण्णा स्टुलावर, डोळे मिटलेले, चावी मुठीत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हात पुढे करायचाच बाकी होता.

तेवढ्यात सर्व्हिस रोडवरून एक गाडी आत वळली. स्पीडब्रेकरला थर्डवरून सेकंडला आली आणि पुढे निघाली.

अण्णांनी डोळे उघडले. "कोण चालवतंय?"

बघतो तर आमचीच गाडी! मी डबा घरी विसरलो होतो, तो द्यायला वंदना आली होती.

"आमची ही आहे, अण्णा."

"बॉक्स कधी उघडलास ह्या गाडीचा?"

"कधीच नाही. बारा वर्षं तोच आहे."

"म्हणजे तू फारशी चालवत नाहीस."

आणि अण्णा उठले! आमदारासाठी न उठलेला माणूस उठला, चालत तिच्या खिडकीपाशी गेला. "ताई, पंधरा मिनिटं आहेत का आपल्याकडे?"

चावी त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

माझ्या डोळ्यांदेखत! जळण्याची मला सतरा वर्षांची सवय आहे, पण स्वतःच्या बायकोवर जळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

साहेब घाबरले. "अहो, ह्या चालवणार? माझी गाडी?"

"मग तुम्ही चालवता?" अण्णा म्हणाले. "आत्ताच तर दुरुस्त केलीय."

वंदनाने माझ्याकडे बघितलं. "मला नको बाई. ह्यांनी केलंय ना काम, ह्यांनाच द्या."

"काम त्यानेच केलंय. उत्तम केलंय," अण्णा म्हणाले. "म्हणूनच त्याला शेजारी बसवा. ऐकू दे त्याला."

मी डबा मांडीवर घेऊन डावीकडे बसलो. मिलिंद बाकावरून बघत होता. त्याचा चेहरा मी ओळखला. सतरा वर्षं तो चेहरा माझा होता.

गल्ली. सर्व्हिस रोड. हायवे. फर्स्ट, सेकंड, थर्ड. मी कान देऊन बसलो होतो. कुठेतरी कर्र होईल, निदान एकदा. पूल आला. फोर्थ. काही नाही. माझ्या हातचा बॉक्स, आणि एक आवाज नाही! तिला काहीतरी चांगलं बोलावं असं वाटत होतं, तोवर माझा उजवा हात कधी गिअरच्या दांड्यावर जाऊन बसला, मलाच कळलं नाही.

वंदनाने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"हात काढा," ती म्हणाली. "डबा धरा."