हात फक्त प्रश्नासाठी

आमच्या वन्सं शाळेत शिकवायच्या आणि घरी आल्यावरही शाळा सुटायची नाही, असं आमचे हे म्हणत. ह्यांच्या त्या थोरल्या भगिनी. लग्न केलं नाही, शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. खरं सांगायचं तर आम्हीच त्यांच्याकडे राहिलो, कारण घर त्यांचं होतं आणि घराची शिस्तही त्यांचीच. कप ज्याने वापरला त्याने विसळायचा. दाराची कडी हाताने धरून दार ओढायचं, आपटायचं नाही. कुणी बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या मावशीने हळहळून म्हटलं होतं की बाई, सासू नाही म्हणून सुटलीस म्हणावं तर मास्तरीण नणंद पदरात पडली, आगीतून फुफाट्यात.

पण तसं काही झालं नाही. वन्सं रागावत नसत, त्या थांबत. माझ्या हातून दूध उतू गेलं की शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि मी काय करते ते बघायच्या, एवढंच. पहिले काही महिने मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. मग कळलं की ही त्यांची रीतच आहे. माणसाला स्वतःचं स्वतः सुचू द्यायचं. शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव ‘सावकाशबाई’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

दुपारी सगळं आवरलं की मी देवाचं नाव घेऊन वहीत दिवसाच्या चार ओळी लिहिते. परवा लिहायला बसले आणि काही केल्या वन्संचा तो वरचा वर्ग डोळ्यांपुढून हलेना. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हटलं, आज चार ओळींवर भागायचं नाही.

तर तो वर्ग. सहावी ते आठवीतली जी मुलं बाकीच्यांच्या आधी गणितं उरकून खिडकीबाहेर बघत बसत, त्यांच्यासाठी शाळेने आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर, वेगळा वर्ग काढला होता. कागदोपत्री नाव ‘संवर्धन वर्ग’. आमच्या शेजारणीने ते ऐकून विचारलं होतं की रोपटी शाळा देणार का आपण आणायची. गावात सगळे त्याला ‘हुशारांचा वर्ग’ म्हणत, आणि हा शब्द वन्संना अजिबात खपत नसे. त्या म्हणायच्या, ही मुलं हुशार नाहीत, घाईची आहेत, हुशार व्हायची आहेत अजून.

आमची धाकटी त्या वर्गात होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि का ते तिला पाच मिनिटं बघितलं की कळायचं. वर्ग सुटेपर्यंत अंधारून यायचं म्हणून मी तिला आणायला जात असे. वन्सं मागे राहून खोली आवरून येत. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. पूर्वी तिथे प्रयोगशाळा होती, त्यामुळे मधोमध एक लांबच लांब टेबल, त्यावर कुठल्या तरी जुन्या आम्लाचे डाग, आणि कोपऱ्यात एक बेसिन, ज्याच्या नळाला कधी पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दारासमोर मोडक्या बाकांचा ढीग होता, त्यातलं एक बाक धड होतं. तिथे बसून माझा जप चालायचा. मुलं मला ‘पहारेकरीण’ म्हणायची. जप कसला, अर्धं लक्ष आतच असायचं. देवाने तेवढं माफ केलं असेल.

वर्गात शिरण्यापूर्वीच फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असे. आलं की बसायचं, कार्यालयातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांतला एक घ्यायचा आणि न बोलता कामाला लागायचं. खोडरबर आणायला बंदी होती. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं ते मागाहून वाचता येतं. आणि झालं की ‘झालं’ म्हणायचं नाही. कागद पालथा घालायचा आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटतो का ते डोक्यात बघत बसायचं. आमच्या भिंगरीला हे सुरुवातीला इतकं जड गेलं की ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून ‘झालं, झालं, झालं’ म्हणायची. तुंबलेलं मोकळं करायची बिचारी.

पण सगळ्यांत वेगळा नियम हाताचा. इतर वर्गांत उत्तर आलं की हात वर. इथे हात वर करायचा तो फक्त प्रश्न विचारायला. उत्तर ज्याला विचारायचं त्याचं नाव बाई घेणार, आणि तेही सगळे कागद पालथे झाल्यावर. मी एकदा वन्संना विचारलं की हे काय उफराटं. त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी त्यांनीही हात वर करू दिले होते. एक सातवीतली मुलगी होती, हळू लिहिणारी. शेजारचे हात वर गेले की ती आपल्या अर्ध्या ओळीवर रेघ मारून पेन्सिल खाली ठेवायची. वन्सं म्हणाल्या, त्या मुलीची ओळ मी नंतर वाचली, ती बरोबर चालली होती गं, फक्त तिला कुणी पोहोचू दिलं नाही.

मुख्याध्यापकांनी, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, हे नियम सुबक अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला सुचवलं होतं. वन्संनी नको म्हटलं. त्यांचं म्हणणं, भिंतीवर लिहिलं की ते भिंतीचं होतं, मुलांचं राहत नाही. पुढे जे झालं त्यात ह्या न लावलेल्या कागदाचा थोडा हात होता असं ह्यांना वाटायचं. मला तसं वाटत नाही.

भिंगरी वर्गात असताना एका वर्षाअखेरीला वरून कळलं की असे वर्ग चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरवायला एक तपासणीचे साहेब येणार. त्यांना पसंत पडला तर वर्ग राहील. वन्संची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली होती. ह्या वर्गात त्यांचा सगळा जीव होता, आणि त्या तसं बोलून दाखवत नसत म्हणून ते जास्तच दिसायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःची साडी दोनदा इस्त्री केली.

पालकांनाही बोलावलं होतं. आम्ही भिंतीकडेने खुर्च्यांवर बसलो. मोठ्या सरांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं की साहेब मुलांशी बोलत असताना शिक्षकांनी किंवा पालकांनी मधे तोंड उघडायचं नाही, नाहीतर मुलांना पढवलं असं धरतील. वन्सं मागे बेसिनपाशी उभ्या राहिल्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. हसतमुख होता, बोटाने चष्मा वर सारायची सवय. त्यांनी विचारलं, घड्याळाचे दोन काटे दिवसभरात किती वेळा एकमेकांवर येतात. मुलांनी कागद घेतले. पेन्सिली चालू लागल्या. थोड्या वेळाने एकेक कागद पालथा पडू लागला. साहेब बघताहेत, बघताहेत, हात काही वर येईना. त्यांनी विचारलं, येतंय का कुणाला. मुलं त्यांच्याकडे आदराने बघत बसली. कुणाचं नाव घेतलं नव्हतं ना.

साहेबांना वाटलं प्रश्न जड गेला. त्यांनी सोपा केला, बारा तासांत किती वेळा ते सांगा. पुन्हा कागद, पुन्हा पालथे. आणखी सोपा केला. शेवटी बिचारे घाम पुसत म्हणाले, बरं, घड्याळाला काटे किती असतात तेवढं तरी सांगा. आणि आमच्या भिंगरीचा हात वर गेला.

साहेबांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. ते म्हणाले, “हं, सांग बाळ.”

भिंगरी उभी राहिली आणि म्हणाली, “सेकंदकाटा धरायचा का?”

पालकांत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, ह्या हुशार म्हणे. साहेबांनी चष्मा वर सारला आणि मोठ्या सरांकडे बघितलं. मी देवाचा धावा करत वन्संकडे बघत होते. त्यांनी बेसिनची कड घट्ट धरली होती. एक वाक्य पुरलं असतं, नाव घेऊन विचारा म्हणून. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडायची त्यांना सवयच नव्हती. मुलं आपल्या जागी, बाई आपल्या जागी, सगळे आपापला नियम पाळत बसलेले, आणि वर्ग डोळ्यांदेखत बुडत होता.

साहेब चहाला गेल्यावर वन्संनी कागद गोळा केले. दोघांचे सोडले तर सगळ्यांचे बरोबर होते. ते घेऊन त्या खाली गेल्या, पण साहेबांची गाडी निघून गेली होती. मोठे सर म्हणाले, बाई, आता हे कुणाला दाखवू मी.

वर्ग बंद झाला नाही, पण वन्संकडून काढून घेतला. पुढच्या वर्षी एक तरुण सर आले, त्यांच्याकडे दिला, आणि वन्संना चौथी दिली. त्यांनी घरी एवढंच सांगितलं की चौथीतली मुलं गोड आहेत. ह्यांनी शाळेत जाऊन भांडायची तयारी केली तर त्यांना म्हणाल्या, तू आपला कप विसळ.

महिना झाला असेल. एका संध्याकाळी ते नवे सर आमच्या दारात. बाहेरच्या खोलीत बसले, मी चहा दिला, तर कप हातात घेऊन नुसतेच. मग एकदम म्हणाले, “बाई, मुलांनी माझ्याविरुद्ध संप केलाय का? मी विचारतो, ती लिहितात, कागद पालथा घालतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात.”

वन्सं हसल्या. कितीतरी दिवसांनी. त्यांनी त्यांना सगळी रीत समजावली, हळू लिहिणाऱ्या मुलीसकट. ते ऐकत होते, पण चेहरा काही उजळेना. त्यांनी सांगितलं की मोठे सर दारातून डोकावतात आणि त्यांना वर गेलेले हात दिसायला हवेत, नाहीतर ह्या खेपेला वर्ग खरंच जाईल. मी आत भाजी चिरत होते, सुरी थांबली माझी. आता वन्सं काय म्हणणार. नाही म्हटल्या असत्या तर मुलं त्यांचंच ऐकणार होती हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी भिंगरीला हाक मारली. म्हणाल्या, “उद्यापासून उत्तर आलं की हात वर करायचा. सगळ्यांना सांग, आत्याने सांगितलंय म्हणून.”

भिंगरी हटून उभी राहिली. “मग जिचं अजून चाललेलं असेल, तिचं काय?”

वन्सं थांबल्या, आणि ह्या वेळचं त्यांचं थांबणं वेगळं होतं, मला बघवेना. हळू लिहिणाऱ्या पोरीचा वर्ग वाचवायला त्यांना त्याच पोरीला सोडायचं होतं.

नव्या सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही किती वेळ थांबायचात?”

“घड्याळाकडे नाही बघायचं,” वन्सं म्हणाल्या. “सगळ्यांत हळू कोण लिहितंय ते शोधा आणि त्याच्या पेन्सिलीकडे बघत राहा.”

सर निघताना वन्संच्या पाया पडले. त्या संकोचल्या, त्यांना असलं आवडत नसे.

पुढच्या वर्गाहून भिंगरी पळतच घरी आली. म्हणाली, सर हात मागे बांधून उभे राहिले, खूप वेळ. मोठे सर दारात आले तरी हलले नाहीत. मग म्हणाले, आता. आणि सगळ्यांचे हात वर.

वन्संनी विचारलं, “आणि कुणाचं चुकलं?”

“एकाचं चुकलं. सर म्हणाले, कुठून चुकलं ते दाखव सगळ्यांना.”

“रागाने म्हणाले?”

“नाही गं आत्या. त्यांनाच बघायचं होतं.”

वन्संनी मान हलवली आणि चौथीच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. थोड्या वेळाने मी दिवा लावायला गेले तर पेन हातात तसंच होतं, वही उघडी, आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, काम लवकर उरकलेल्या मुलासारख्या. मी दिवा न लावताच परत आले.