पहिला धप्पा

सहादूला दिसेनासं झालंय, हे सगळ्यात आधी बुजगावण्याला कळलं. शेजारच्या मळ्यातल्या कारभाऱ्याचा जुना सदरा घालून ते वांग्याच्या वाफ्यात उभं होतं. बांधावरून जाता जाता सहादू त्याला म्हणाला, "राम राम कारभारी, आज येरवाळीच?" बुजगावणं काय बोलणार! मागनं ठमाबाई भाकरीचं टोपलं घेऊन येत होती. तिला आधी हसू आलं, मग सगळं उमगलं. मोतीबिंदू वाढीला लागून दोन वर्षं झाली होती आणि नवरा घरच्या बायकोलाही चोरून आंधळा होत होता.

कळणार तरी कसं? नाशकाजवळ मखमलाबादकडचा त्यांचा मळा म्हणजे झेंडू, शेवंती आणि वांगी. पाटाचं वळण पायांना पाठ. हार ओवायला तर डोळे लागतच नाहीत, बोटं लागतात. सहादू आपला झेंडू चाचपायचा, सुई घालायचा, तंबाखू मळायचा. विचारलं तर म्हणायचा, "ऊन लय हाय औंदा."

पण वर्षातनं एक दिवस असा होता की त्या दिवशी डोळ्यांवाचून चालणार नव्हतं. रंगपंचमीचा.

नाशकातल्या माणसाला रहाड सांगायला नको, बाहेरच्याला सांगितली पाहिजे. जुन्या गावात भर चौकात, रस्त्याच्या पोटात, दगडी हौद आहेत. वर्षभर वरनं रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, कुणाला पत्ताही नसतो. पंचमी आली की माती उकरायची, वरचे लाकडी ओंडके काढायचे, हौद धुऊन भरायचा. त्यात रंग ओतायचा आणि माणसांनी उड्या घ्यायच्या. मांडी घालून अशी उडी मारायची की पाणी वर माडीपर्यंत उडालं पाहिजे. तो धप्पा. जितकं पाणी बाहेर, तितकी उडी मारणाऱ्याची शान.

एका आळीच्या रहाडीचा रंग सहादू करायचा. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. पेठच्या डोंगरातनं पळसाची फुलं आणायची, सावलीत वाळवायची, गुळाच्या काहिलीत उकळायची आणि वरनं चुन्याची निवळी सोडायची. निवळी म्हणजे विरलेल्या चुन्यावरचं नितळ पाणी. ते पडलं की पिवळा रंग केशरी होतो. खालचा पांढरा गाळ मात्र चुकूनही पडता कामा नये. तो पडला तर अंगाची आग होते, डोळ्यात गेला तर विचारू नका. म्हणून आळीचा एक दंडक होता, कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नाही: ज्यानं रंग केला त्यानंच पहिला धप्पा मारायचा. वाईट असेल तर आधी त्याला भोवेल.

२००१ साली आळीतली पोरं म्हणायला लागली, आता पुड्यांचा रंग आणू, हा काहिलीचा उपद्व्याप कशाला? त्यांच्यात पुढं होता शौनक, गंगेवर म्हणजे गोदाघाटावर यजमानांची कामं करणाऱ्या दिवाकर गुरुजींचा मुलगा, संगणकाच्या नोकरीतला. गुरुजींनी तोडगा काढला, "या वर्षी सहादूचा रंग होऊ दे. चांगला झाला तर कायम. फसला तर पुढच्या वर्षी तुमच्या पुड्या."

सहादूनं ते ऐकलं आणि घरी येऊन जेवला नाही. ठमाबाई म्हणाली, "औंदा म्या बी येते तुमच्या संगं."

"तुझं काय काम तिथं?"

"हार इकीन."

दोघांनाही माहीत होतं, हार विकायला आळीच्या चौकात कुणी जात नाही.

पंचमीच्या सकाळी काहील रटरटत होती. सहादू मधनंमधनं वास घ्यायचा, फळीनं ढवळायचा. रंग किती चढला ते बघायला उपरण्याचं टोक बुडवून उन्हात धरलं. पोरं बघत होती. सहादू ते टोक उगाच उलटं-सुलटं करत राहिला. ठमाबाई हारांच्या टोपलीवरनं मोठ्यानं म्हणाली, "बया, आपली शेवंतीच की!"

सहादूनं मान हलवली. "पिवळाच हाय अजून. निवळी लागंल."

त्याची जागा ठरलेली होती. डाव्या हाताला निवळीचा हंडा, उजव्या हाताला गाळाचा. बापाच्या वेळेपासनं. त्यानं न बघता डावीकडचा हंडा उचलला आणि ओतायला लागला.

ठमाबाईनं पांढरी धार बघितली.

ओरडावं तर तीस वर्षांचा मान आळीसमोर जातो. न ओरडावं तर दुपारी शंभर माणसं त्या पाण्यात डोळे उघडतील. आणि सगळ्यात आधी हाच उघडील.

"अवं थांबा! गाळ हाय तो!"

हंडा थांबला. शौनक पुढं आला, हंड्यात वाकून बघितलं. "सहादूबाबा, एवढं पांढरंफेक दिसलं नाही तुम्हाला?"

सहादूनं हंडा खाली ठेवला. उपरण्यानं हात पुसले. "नाय दिसलं. दोन वर्सं झाली, माणसं बी धुरासारखी दिसत्यात."

"मग मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्सी हंडं जाग्यावर व्हते."

वाटेत येतात म्हणून सकाळी शौनकनंच हंडे उचलून इकडचे तिकडे केले होते, मदत म्हणून. ते त्यानं तिथंच उभ्या असलेल्या बापासमोर कबूल केलं, हेही सांगितलं पाहिजे.

काहील गटारीत गेली. सहादू ओट्यावर बसला. म्हणाला, "गुरुजी, पोरांच्या पुड्या आणा. माझं झालं."

"झालं कशानं?" ठमाबाई कडाडली. "संध्याकाळच्या भरीला ठेवलेलं फुलांचं पोतं हाय की! हात तुटलं का तुमचं? डोळं म्या देते. उठा!"

गुरुजी मिशीत हसले. शौनकनं स्वतः काहील घासून दिली.

दुसऱ्या खेपेला सहादू ढवळायचा आणि ती बोलायची. "शेवंती... शेवंतीच... थोडं सोडा... आजून लोटाभर... बास! आता आपला गोंडा झेंडू."

रंग हौदात गेला. गुरुजींनी नारळ फोडला आणि विचारलं, "हां, रंग कुणी केला?"

सहादू म्हणाला, "हात माझं, डोळं हिचं."

"म्हणजे उडी दोघांची."

आळीत हशा पिकला. तिथल्या बाया माडीवरनं बघायच्या, हौदात कुणी उतरलेली नव्हती. शौनक म्हणाला, "आजी, पोहता येतं का?"

"मेल्या, कालव्यात म्हशीची शेपटी धरून वाढले म्या," असं म्हणत ठमाबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, टोपली शौनकच्या हातात दिली आणि कुणी काही बोलायच्या आत मांडी घालून गेलीच खाली. पाणी असं उडालं की माडीवर वाळत घातलेले पापड केशरी झाले.

सहादू काठावर उभा. पाय पुढं टाकेना. खालनं आवाज आला, "या माझ्या आवाजावर! पण डोक्यावर नका पडू, तुमचा नेम मला ठावं हाय!"

तो पडला तिच्या हातभर शेजारी. वर आला, तोंडावरनं पाणी निपटलं, डोळे उघडले. आग नव्हती.

"कसाय?" त्यानं विचारलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली, आणि त्याची टोपी पाण्यातनं शोधून, पिळून त्याच्या डोक्यावर ठेवली.

पुड्यांचं नाव मग कुणी काढलं नाही. ज्येष्ठ महिन्यात शौनकनं सहादूला गाडीवर बसवून नेलं आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून आणली, एकामागनं एक. घरी आल्यावर सहादू पहिल्यांदा बुजगावण्याजवळ गेला आणि त्याला एक कचकचीत शिवी घातली.

पुढच्या पंचमीला त्याला सगळं लख्ख दिसत होतं. उपरण्याचं टोक बुडवलं, उन्हात धरलं, बघितलं. आणि तसंच ओलं टोक ठमाबाईपुढं केलं.

"आता मला कशाला दावता?" ती म्हणाली. "फुटलं का पुन्यांदा?"

"तू सांग आधी," सहादू म्हणाला.

तिनं टोक उन्हात धरलं, डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघत राहिली. आळी थांबली होती, हौद भरलेला होता.

"लोटाभर निवळी कमी पडतीय," ती म्हणाली.

त्यानं ती सोडली.